रोजचे एक छायाचित्र

मुलांनो, निवृत्त हेडमास्तराच्या हातून एक वस्तू सहसा सुटत नाही. ती म्हणजे तांबडी पेन्सिल. ती खाली ठेवावयास मला एका बारा वर्षांच्या मुलाने शिकविले. त्याचीच ही हकिकत.

आमच्या गावच्या वाचनालयाच्या ओसरीवर रोज संध्याकाळी आम्ही सहा-सात जण जमतो. कोणी शिंपी आहे, कोणी पोस्टमन, कोणी शेतकरी. छायाचित्रण हा आमच्यापैकी कोणाचाच व्यवसाय नव्हे. तो केवळ छंद. आमचा नियम एकच : प्रत्येकाने त्या दिवशी टिपलेले एक छायाचित्र दाखवावे आणि इतरांनी त्याविषयी मोकळेपणाने बोलावे.

अशा हौशी मंडळींची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. दागेर या फ्रेंच गृहस्थाची छायाचित्रणाची रीत १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिस येथे जाहीर झाली. पुढे अवघ्या पंधरा वर्षांनी, १८५४ साली, मुंबईतील हौशी छायाचित्रकारांनी आपली संस्था स्थापन केली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. त्या काळी काचेवर रसायन पसरून, ते ओले आहे तोवरच चित्र घ्यावे व धुवावे लागे. आज बोटाच्या स्पर्शासरशी चित्र निघते. म्हणूनच एकच चित्र निवडण्याचा नियम मोलाचा वाटतो. शंभर चित्रे काढणे सोपे; त्यांतील एक का निवडले, हे सांगणे कठीण!

मागच्या वर्षी आमच्या पोस्टमनचा मुलगा वडिलांबरोबर येऊ लागला. पहिल्याच दिवशी त्याने आपल्या आजीचे छायाचित्र दाखविले. आजी चुलीपुढे बसून भाकरी थापीत होती. मी ते पाहिले आणि सवयीप्रमाणे चुका मोजू लागलो.

"भिंत तिरपी आली आहे. चेहरा काळवंडला आहे. खिडकी पांढरीफटक दिसते. आणि ही मागची खुंटी तर आजीच्या डोक्यातूनच उगवली आहे!"

सगळे हसले. चारही दोष खरे होते. मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही.

चौथ्या दिवशी शिंपीकाम करणारा माझा जुना विद्यार्थी हळूच म्हणाला, "गुरुजी, राग मानू नका. पण आजीच्या हाताभोवती उडालेले पीठ तुम्ही पाहिलेत का? खिडकीच्या उजेडात ते कसे चमकत होते!"

मी पाहिले नव्हते. चुका मोजण्याच्या भरात चित्र पाहावयाचेच राहून गेले होते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. चाळीस वर्षांत किती वह्या मी अशाच तपासल्या असतील, हा विचार मनाला टोचत राहिला.

सकाळी मी त्या मुलाच्या घरी गेलो. म्हणालो, "बाळ, तुझे चित्र मी नीट पाहिलेच नाही. पुन्हा दाखवतोस?" त्याने संकोचाने ते पुढे केले. या वेळी प्रथम मी पिठाविषयी बोललो, आजीच्या हातांविषयी बोललो. मग म्हणालो, "तू खिडकीकडे तोंड करून उभा राहिलास, म्हणून आजींचा चेहरा अंधारात गेला. खिडकी बाजूला ठेवून उभा राहिलास तर?"

"पण गुरुजी, मग पीठ चमकेल का?" त्याने विचारले.

या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते. मी म्हणालो, "आपण करून पाहू. मात्र आधी आजींना विचार."

आजी हसून म्हणाल्या, "माझं म्हातारीचं कसलं रे चित्र?" पण त्यांनी होकार दिला. आम्ही तीन जागा बदलून पाहिल्या. बाजूने उजेड आला, मागे धुराने काळी पडलेली भिंत आली आणि चेहऱ्याबरोबर पीठही उजळून दिसू लागले. खुंटी तर एका पावलाच्या अंतराने दूर झाली.

त्या संध्याकाळी मुलगा ओसरीवर आला. त्याचे चित्र सर्वांनी पाहिले. नंतर माझे पिंपळाचे चित्र पाहून तो म्हणाला, "गुरुजी, पानं छान आहेत, पण तुम्ही इतक्या लांब का उभे राहिलात?" मला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी मी झाडाजवळ गेलो.

पुढे वर्षभर त्या मुलाने आजीची कितीतरी छायाचित्रे काढली. यंदाच्या पावसाळ्यात आजी वारल्या. आता ती छायाचित्रे हीच त्या घरची ठेव आहे. मी त्या सकाळी त्यांच्या घरी गेलो नसतो, तर ती निघाली असती काय?

मुलांनो, न पाहता "छान" म्हणणे ही स्तुती नव्हे, आणि नुसते दोष मोजणे ही परीक्षा नव्हे. मित्राच्या कामाकडे आधी डोळे भरून पाहावे. मग दोष सांगावा आणि त्याबरोबर वाटही दाखवावी.

स्वाध्याय

१. लेखकाने दाखविलेले चारही दोष खरे असूनही त्याचे कोठे चुकले?
२. आजीचा चेहरा काळवंडण्याचे कारण कोणते?
३. "एका पावलाच्या अंतराने दूर झाली" या शब्दांतून तुम्हांस काय समजते?
४. मित्राचे एखादे चित्र किंवा निबंध पाहून त्याविषयी पाच वाक्ये लिहा.