फळीचा चढ, घाटाचा चढ

मावळातील पावसाळा ज्यांनी निवासी शाळेत काढला आहे, त्यांना आषाढातील सायंकाळ कशी असते हे सांगावे लागत नाही. मैदानात चिखल, खिडकीबाहेर धुके, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस ओले आणि सभागृहात कोंडलेली मुले. अशाच एका पावसाळ्यात, इतिहासाचे शिक्षक असूनही, आम्ही सुतारकाम व गतिशास्त्र यांचा एक छोटा पाठ घेतला. रिमोटवर चालणारी वीतभर लांबीची मोटार आणि तिला उडी घेता यावी म्हणून मुलांनी स्वतः बांधलेला लाकडी रॅम्प, एवढेच त्या पाठाचे साहित्य होते. त्या उपक्रमाची कृती, त्यामागील शास्त्र आणि त्यातून आम्हांस उमगलेली एक गोष्ट या स्मरणिकेत नोंदवून ठेवावी, असा या लेखाचा हेतू आहे.

ही मोटार एका हितचिंतकाने वसतिगृहास भेट दिली होती. पहिल्याच दिवशी मुलांनी दोन विटांवर एक सुटी फळी टेकवून तिला उडवण्याचा प्रयत्न केला. मोटारीचे नाक फळीच्या पायथ्याशी आपटे. जोर देऊन वर चढवली, तर टोक सोडताच ती नाकावर कोसळे. तिसऱ्या उडीत पुढच्या चाकाचा सांधा तुटला. मोटार एकच होती आणि दुसरी मिळण्याचा संभव नव्हता.

आम्हांस मात्र मोडलेल्या चाकापेक्षा दुसरीच गोष्ट अधिक लागली. रिमोट सर्वांत मोठ्या मुलाच्या हातात होता, विटा लहान मुले वाहत होती. आणि चाक तुटल्यावर दोष विटा लावणाऱ्याच्या माथी मारला गेला. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या प्रबंधात दाखवून दिले. तीच विभागणी इवल्याशा रूपात आपल्याच सभागृहात, आपल्याच लेकरांमध्ये उभी राहिलेली आम्ही पाहिली. रागावून ती जाणार नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी एकच नियम केला : जो करवत धरील, जो मोजमाप करील, जो वहीत नोंद करील, त्यालाच रिमोट मिळेल, आणि ही चारही कामे प्रत्येकाने आळीपाळीने करावयाची. तुटलेला सांधा मुलांनी बारीक तार आणि एम-सील यांच्या साहाय्याने जोडला व कामास आरंभ झाला.

बांधणी

साहित्य थोडे लागते. ६ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडच्या ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद अशा चार फळ्या, चार बिजागऱ्या, लाकडी पट्ट्या, चुका, फेव्हिकॉल, पॉलिश पेपर आणि एक जाड पुठ्ठा. दोन फळ्या एकमेकींवर ठेवून एका अरुंद कडेला बिजागऱ्यांनी जोडाव्यात, म्हणजे पुस्तकासारखे उघडणारे जोडपे तयार होते. खालची फळी जमिनीवर राहते, वरची उचलून तिच्या मोकळ्या टोकाखाली ठोकळा ठेवावयाचा. आम्ही १०, १५ व २० सेंटिमीटर उंचीचे ठोकळे केले. वरची फळी मध्ये लवू नये म्हणून तिच्या खालच्या बाजूस लांबीच्या दिशेने दोन पट्ट्या ठोकाव्यात. मोटार बाजूने घसरू नये म्हणून वरच्या बाजूस दोन्ही कडांना २ सेंटिमीटर उंच पट्टी लावावी. पावसाळी हवेत प्लायवूड गुळगुळीत व ओलसर होते, चाके जागीच फिरतात. म्हणून पृष्ठभागावर पॉलिश पेपर चिकटवावा. पायथ्याशी जो कंगोरा राहतो त्यावर २० सेंटिमीटर लांबीचा पुठ्ठा चिकटवून टाकावा, म्हणजे नाक आपटणे थांबते.

दुसरे जोडपे उतरणीसाठी. पहिल्या जोडप्याचे टोक व दुसऱ्याचे टोक समोरासमोर ठेवून मध्ये मोकळी जागा सोडावयाची. ही जागा आरंभी २० सेंटिमीटरच असावी. मोटार सलग पाच वेळा सुखरूप उतरली तरच ती वाढवावी. दोन्ही बाजूंस गाद्या अंथराव्यात. उडीच्या रेषेत कोणी उभे राहू नये आणि चेहरा फळीच्या पातळीवर आणून कोणी पाहू नये.

मोजमाप

फळी ६० सेंटिमीटर व टोकाची उंची १५ सेंटिमीटर असेल, तर कोन सुमारे साडेचौदा अंशांचा होतो. १० सेंटिमीटरला तो साडेनऊ अंशांहून थोडा अधिक आणि २० सेंटिमीटरला साडेएकोणीस अंश भरतो. मुलांनी हे कोनमापकाने पडताळून पाहिले.

वेग मोजण्यासाठी जमिनीवर खडूने ३ मीटर अंतर आखून घ्यावे. घड्याळ दाबण्यात हाताची चूक होतेच, म्हणून पाच वेळा मोजून मधली किंमत घ्यावी. टोक सोडताना मोटारीचा वेग सेकंदाला ३ मीटर असेल, तर गणिताने ती सपाट जमिनीवर १० सेंटिमीटरच्या ठोकळ्यावरून सुमारे ६० सेंटिमीटर, १५ च्या ठोकळ्यावरून ७८ आणि २० च्या ठोकळ्यावरून ९३ सेंटिमीटर अंतरावर पडते. वेग ३ वरून ४ मीटर झाला, तर १५ च्या ठोकळ्यावरील ७८ सेंटिमीटरचे ११८ होतात. उंची वाढवण्याचा मोह सर्वांनाच होतो. पण थोड्या वाढलेल्या वेगाने काय होते, ते या आकड्यांवरून दिसते.

मोटार नाकावर का पडत होती, याचेही उत्तर सापडले. पुढची चाके टोक सोडतात तेव्हा मागची चाके फळीवरच असतात. तेवढ्या अवधीत पुढचा भाग खाली झुकू लागतो आणि ते झुकणे हवेतही चालू राहते. मोटार जितकी संथ, तितका हा अवधी मोठा. भीतीपोटी टोकाजवळ वेग कमी करणारी मुलेच मोटार आपटत होती. हवेत असताना चाकांना किंचित गती दिली तर नाक वर येते, ब्रेक दिला तर खाली जाते, हेही पुढे सरावाने कळले.

उतरणीची फळी का हवी? हवेतून येणारी मोटार तिरकी खाली येत असते. जमीन सपाट असेल तर ती आदळते. जमीनही त्याच दिशेने उतरत असेल तर धक्का बराच हलका होतो. चढास १५ चा ठोकळा, उतरणीस १० चा, मध्ये ४० सेंटिमीटर मोकळी जागा आणि वेग सेकंदाला ३ मीटर, अशी मांडणी केली असता मोटार उतरणीच्या फळीच्या साधारण मध्यावर टेकते.

घाटाचा चढ

चढ वहीत कसा लिहावा यावर चर्चा चालू असता सातवीतील एक मुलगा म्हणाला, “सर, माझे बाबा लाइनीवर गँगमन आहेत. तिकडे पाटीवर अंशबिंश नसतात, नुसते ३७ असते.” वर्गात क्वचितच बोलणारा हा मुलगा. त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. बोरघाटातील लोहमार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ स १ असा आहे; म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. याच रीतीने आमचा १५ सेंटिमीटरचा रॅम्प जवळजवळ ४ स १ भरला.

मग घाटाचा चढ आमच्या फळीवर करून पाहिला. ६० सेंटिमीटरच्या फळीचे टोक जेमतेम १.६ सेंटिमीटर उचलावे लागले. एक जाड वही पुरली. मुलांचा विश्वास बसेना. एवढ्याशा चढासाठी कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडावी लागतात? पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड थोडी असते आणि गाडीचे ओझे प्रचंड असते, हे त्याचे कारण. त्याच फळीवर गोटी ठेवली, तर ती आपोआप गडगडत निघाली. घाटात ब्रेक निकामी झालेल्या गाडीचे काय होईल, हे वेगळे सांगावे लागले नाही. अशी गाडी वळवून चढावर नेऊन थांबवण्यासाठी घाटात कॅच सायडिंग असते, हेही त्याच मुलाने सांगितले आणि आमच्या उतरणीच्या पुढे एक चढती फळी ठेवण्याची सूचना केली. त्या दिवसापासून मोटार भिंतीवर आदळणे बंद झाले. गँगमनच्या घरातील ज्ञान सभागृहाच्या उपयोगी पडले आणि त्या मुलाचा आवाज वर्गात ऐकू येऊ लागला.

येथे आमचा विषय आपोआप आला. हा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. त्याचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारले व त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी काम पुढे नेले. ही नावे ग्रंथांत आहेत. काम ऐन भरात असताना ४०,००० हून अधिक मजूर या डोंगरात राबत होते. रोगराईने व अपघातांनी त्यांतील कित्येक दगावले. त्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचलेली नाहीत. याच परिसरातील कार्ल्याच्या चैत्यगृहात मात्र सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक लेख आहे. धेनुकाकट येथील वेणुवासपुत्र सामी या सुताराने द्वाराचे काम केल्याची नोंद त्यात आहे. लेखातील ‘वढकी’ या शब्दाचेच रूप असलेले ‘वाढई’ हे नाव आजही ऐकू येते. इंजिनाच्या काळात हरवले ते नाव लेण्याच्या काळात दगडावर कोरले गेले होते, हे ऐकून मुले काही वेळ गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सभागृहात गेलो, तेव्हा रॅम्प उलटा करून ठेवलेला होता. वरच्या फळीच्या खालच्या अंगास, दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत, मुलांनी खिळ्याने नावे कोरली होती. करवत धरणारे, मोजणारे, नोंद करणारे, विटा वाहणारे, सर्वांची. नावांना क्रम वर्णानुक्रमाने होता. रिमोट धरणाऱ्या त्या मोठ्या मुलाचे नाव मधोमध कोठेतरी होते, आणि ते त्याने स्वतः कोरले होते.

तो रॅम्प अद्याप वापरात आहे. पॉलिश पेपर दर पावसाळ्यात बदलावा लागतो. माजी विद्यार्थी शाळेस भेट देतील तेव्हा त्यांनी मोटार अवश्य चालवावी. मात्र शाळेचा नियम त्यांनाही लागू आहे. आधी मोजावे, वहीत लिहावे, मग रिमोट हाती घ्यावा.