जड भांडं घेण्याआधी

पोरी, तुला डच ओव्हन घ्यायचाय असं तुझ्या आईकडून कळलं. जावईबापूंना पाव भाजायचाय आणि तुला मटण, म्हणजे भांड्याला काम मिळणार हे नक्की. नुसतं शोभेला हवं असतं तर फुलदाणी स्वस्तात पडली असती. दुकानात जाण्याआधी एवढं कानावर घालते.

१. रंग सगळ्यात शेवटी बघ — रंगावर भाळून भांडं घेतलं की त्याच्या मागची भिंत रंगवावीशी वाटते, मग ओटाही बदलावासा वाटतो.

२. उघडं बीड की इनॅमल चढवलेलं, हे आधी ठरव. आपल्याकडे टोमॅटो, चिंच, आमसूल रोजचं, तेव्हा इनॅमलचंच घे — उघड्या बिडात आंबट फार वेळ शिजलं की भांड्यावरचा तेलाचा थर सुटतो, रस्सा काळपटतो आणि तोंडात लोखंडाची चव रेंगाळते. उघडं बीड वाईट नव्हे हो, डोशाला त्याच्यासारखा तवा नाही. पण ते धुऊन, लगेच पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवावं लागतं, आणि तू अजून तुळशीला पाणी घालायला विसरतेस.

३. खाली तीन पाय आणि झाकणाला उभा काठ दिसला, तर ते भांडं राहू दे — ते उघड्यावरच्या चुलीचं; पायांखाली निखारे सारायचे आणि काठाच्या आत झाकणावरही रचायचे. आपल्याकडे भानोल्याला वर-खाली निखारे ठेवत, तीच युक्ती. तुझ्या इंडक्शनवर मात्र ते नुसतं उभं राहील.

४. तीन-चार माणसांना साधारण पाच लिटरचं, म्हणजे २४ ते २६ सेंटिमीटर व्यासाचं, पुरतं. ‘पाहुणे आले तर’ म्हणून त्याहून मोठं घेऊ नकोस — पाहुण्याच्या मापाने पातेलं घेणारीचं मनगट रोज दुखतं.

५. दुकानात भांडं उचलून बघायला लाजू नकोस. २६ सेंटिमीटरचं भांडं झाकणासकट रिकामंच पाच किलोच्या आसपास भरतं — त्यात अडीच लिटर रस्सा आला की ते गॅसवरून ओट्यावर तुलाच घ्यायचंय.

६. पिशवीत घरचं जाड फडकं घेऊन जा आणि ते हातात धरून भांड्याचे कान पकड. फडक्यासकट चारही बोटं आत शिरली पाहिजेत — थंड कान कोणालाही धरता येतात. विक्रेता हसेल, हसू दे. तो काही तुझ्या घरी भांडं उतरवायला येणार नाही.

७. झाकण ठेवून हलकेच फिरव. डुगडुगलं तर दुसरा नग माग — जड झाकणाखाली वाफ अडते, तिचे थेंब परत मटणावर पडतात, म्हणून तर पाणी कमी लागतं. काही झाकणांना आतून बारीक टेकाडं असतात, थेंब सगळीकडे सारखे पडावेत म्हणून. असली तर छान, पण तेवढ्यासाठी जादा पैसे मोजू नकोस.

८. झाकणावरची मूठ धातूची घे — पाव २३० अंशांच्या पुढेमागे भाजतात, आणि प्लॅस्टिकच्या सगळ्याच मुठींना ती आच झेपत नाही.

९. आतून फिकट रंगाचं घे — वाटण किती परतलं, कांदा तळाला कधी धरायला लागला, हे डोळ्यांना दिसतं. काळ्या तळात डाग लपतात, तसं करपणंही लपतं. फिकट तळाला हळदीची झाक येणारच. पाणी नि खायचा सोडा घालून उकळ, बरीचशी जाते. उरली तर उरली.

१०. बोट फिरवून आतली बाजू आणि काठ तपास, टवका असेल तर तिथेच परत दे — इनॅमल म्हणजे काचच, सुटलेला कण ताटात यायला नको.

११. ओटीजीची आतली उंची घरूनच मोजून ने, आणि भांडं झाकणाच्या मुठीसकट मोज — मूठ वरच्या सळईला टेकली तर पावाचा बेत तिथेच संपला.

१२. नावाला भुलू नकोस. अमेरिकेतलं लॉज १८९६ पासूनचं, फ्रान्सचं ल क्रूझे १९२५ पासूनचं, दोघांचंही काम चोख. पण मधल्या किमतीच्या भांड्यातही मटण तितकंच मऊ होतं — वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतायच्या पद्धतीचं पेटंट इंग्लंडच्या अब्राहम डार्बीने १७०७ साली घेतलं, आणि जाड बूड, जड झाकण हा मूळ ऐवज अजून तोच आहे.

आता घरी आणल्यावरचं. इथे जास्त लक्ष दे, कारण भांडी दुकानात कमी आणि घरात जास्त बिघडतात.

१३. आच मंद ते मध्यम, आणि तेल घातल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही. फोडणीसाठी कढई धुरावेपर्यंत तापवायची आपली सवय इथे सोड — बीड सावकाश तापतं, पण एकदा तापलं की गॅस बंद केला तरी शिजवत राहतं.

१४. गरम भांडं नळाखाली धरू नकोस — इनॅमलला तडा जातो. जेवणं होऊ देत, मग घास.

१५. स्टीलचं उलथणं आणि तारेची घासणी त्याच्या आसपास फिरकू देऊ नकोस. लाकडी डाव वापर. कामाला येणाऱ्या मावशींनाही पहिल्याच दिवशी सांग — न सांगितलेली गोष्ट तारेनेच घासली जाते.

१६. काचेच्या शेगडीवर भांडं ओढायचं नाही, उचलून ठेवायचं — चरे काचेवर पडतात.

१७. काठ पुसून कोरडा कर, आणि झाकण नि भांडं यांच्यामध्ये कागदाची घडी घालून ठेव — काठावर इनॅमल पातळ असतं, तिथेच गंज धरतो.

आणि हो, संध्याकाळी सातला ऑफिसातून आल्यावर मटण करायचं असेल तर मुकाट्याने कुकर काढ. हे भांडं रविवारचं. महिन्यातून दोन रविवारही मंद आचेवर काही शिजणार नसेल, तर घाई करू नकोस. आधी माझं घेऊन जा, महिनाभर वापर, मग ठरव. फक्त झाकणासकट परत आण.