पदवीनंतरच्या अपरिचित वाटा

पदवी हाती पडली की बहुसंख्य विद्यार्थ्यांपुढे तीन-चार ठराविक पर्याय असतात : स्पर्धा परीक्षा, बँक, शिक्षकी पेशा किंवा संगणक क्षेत्र. या मोजक्या दरवाजांपुढे लाखोंची रांग लागते. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये १५ वर्षे व त्यावरील वयोगटातील बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता. १५ ते २९ या वयोगटात मात्र तो १०.२ टक्के होता. समाजाला लागणारी कौशल्ये आणि रोजगार शोधणाऱ्यांजवळची कौशल्ये यांचा मेळ न बसल्याने जी बेरोजगारी उद्भवते, तिला अर्थशास्त्रात संरचनात्मक बेरोजगारी म्हणतात. तिची दुसरी बाजू फारशी चर्चिली जात नाही. काही कामे अशी आहेत की ज्यांची देशाला गरज आहे, परंतु ती जाणणारी माणसे थोडी आहेत. अशा तीन क्षेत्रांचा येथे परिचय करून दिला आहे.

अभिलेखतज्ज्ञ

जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचा उलगडा केला आणि सम्राट अशोकाचे लेख वाचता येऊ लागले. ही विद्या आजही तितकीच आवश्यक आहे. शिलालेखावर ओला कागद बसवून, ब्रशने ठोकून आणि वरून शाई लावून त्याचा ठसा घेतला जातो. त्यानंतर लिपी, भाषा व कालगणना यांच्या आधारे लेखाचे वाचन होते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अभिलेख शाखेचे मुख्यालय म्हैसूर येथे असून, अरबी व फारसी लेखांची शाखा नागपूर येथे आहे. संस्कृत, पाली, प्राकृत, द्राविडी भाषा, अरबी किंवा फारसी या विषयांतील पदव्युत्तर शिक्षण येथे उपयोगी पडते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी, पाली, प्राकृत, असमिया व बंगाली या भाषांना अभिजात दर्जा मिळाला आणि देशातील अभिजात भाषांची संख्या ११ झाली. नाणेघाटातील सातवाहनकालीन ब्राह्मी लेखासारखी साधने अशा भाषांच्या प्राचीनतेची साक्ष देतात. परंतु ती वाचणारे उरले नाहीत, तर दगड असूनही इतिहास मुका होईल.

सांकेतिक भाषेचे दुभाषी

२०११ च्या जनगणनेनुसार देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५०.७ लाख होती. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हिंदी वा इंग्रजीचे हातवाऱ्यांतील भाषांतर नव्हे; तिला स्वतःचे व्याकरण आहे. २०१५ मध्ये नवी दिल्ली येथे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना झाली. केंद्राच्या शब्दकोशाच्या २०२१ मधील तिसऱ्या आवृत्तीत १०,००० शब्द आहेत. दुभाषी होण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम उपलब्ध आहे. रुग्णालय, महाविद्यालय, वृत्तवाहिनी व न्यायालय ही या कामाची क्षेत्रे होत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची साक्ष नोंदवताना दुभाषीच्या साहाय्याची तरतूद आहे. एका खुणेचा चुकीचा अर्थ लावला गेला तर साक्षच बदलते. यावरून या कामाचे उत्तरदायित्व ध्यानात यावे.

गंध आणि चव यांचे पारखी

उत्तर प्रदेशातील कन्नौज येथे आजही तांब्याच्या 'डेग'मध्ये फुले व पाणी तापवून, बांबूच्या नळीतून वाफ 'भपक्या'त उतरवून अत्तर तयार केले जाते. कन्नौजच्या अत्तराला भौगोलिक निर्देशांकनही लाभले आहे. १९९१ मध्ये येथे सुगंध व स्वाद विकास केंद्र स्थापन झाले असून तेथे प्रशिक्षण दिले जाते. रसायनशास्त्राच्या पदवीधराला सुगंधी द्रव्ये, सौंदर्यप्रसाधने व खाद्यपदार्थ या उद्योगांत यातून प्रवेश मिळू शकतो.

चहापरीक्षकाचे कामही याच जातीचे आहे. कोलकाता येथे १८६१ पासून आणि गुवाहाटी येथे १९७० पासून चहाचे लिलाव होत आले आहेत. लिलावापूर्वी परीक्षक असंख्य नमुन्यांचा रंग, वास व चव तपासून प्रतवारी व अंदाजित किंमत ठरवितो. बागायतदाराला मिळणारा भाव बऱ्याच अंशी या पारखीवर अवलंबून असतो. बंगळूर येथील भारतीय वृक्षारोपण व्यवस्थापन संस्थेत या उद्योगाशी निगडित अभ्यासक्रम चालतात.

निवड करताना

या वाटा आकर्षक असल्या तरी सोप्या नाहीत. अभिलेखतज्ज्ञांची पदे मोजकी असतात व भरती दरवर्षी होईलच असे नाही. दुभाषीचे उत्पन्न सुरुवातीस अनियमित असू शकते. गंध व चव यांची पारख पुस्तकातून येत नाही. त्यासाठी जाणकाराच्या हाताखाली काही वर्षे काढावी लागतात. यास्तव विद्यार्थ्याने तीन प्रश्नांची उत्तरे आधी शोधावीत : प्रशिक्षणास मान्यता आहे काय? शिकत असताना चरितार्थ कसा चालेल? आणि पद न मिळाल्यास हेच कौशल्य अन्यत्र उपयोगी पडेल काय?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी तर हा विचार अधिक गांभीर्याने करावयास हवा. वयोमर्यादा संपल्यावर शोधलेला पर्याय ही नाइलाजाची तडजोड ठरते. तयारीच्या काळातच जोपासलेला पर्याय हा व्यवसायाचा पाया ठरू शकतो. प्राकृतचा अभ्यास, सांकेतिक भाषेचा प्राथमिक वर्ग किंवा प्रयोगशाळेतील अनुभव यांसाठी दिवसातील एखादा तास पुरेसा आहे. देशाची मनुष्यबळ संपदा केवळ पदवीधरांच्या संख्येने मोजता येत नाही. जेथे कोणी पोहोचत नाही, तेथे किती जण तयारीनिशी पोहोचले, यावरही तिचे मोल ठरते.