रुसलेला स्पेसर

काही वर्षांपूर्वी दम्याचा एक पाच वर्षांचा मुलगा माझ्याकडे नियमित येत असे. स्पेसरमधून प्रतिबंधक स्टिरॉइड घेणे त्याने अकस्मात बंद केले. आईने तो हट्ट समजला. मीही बाह्यरुग्णांच्या गर्दीत त्याला दटावून परत पाठविले. आठच दिवसांत मध्यरात्री त्याला तीव्र धाप लागून दाखल करावे लागले. पहाटे धाप ओसरल्यावर मी त्याच्या उशाशी बसून कारण विचारले. तो हळूच म्हणाला, ‘‘काका, मी त्याला फेकलं होतं. तो माझ्यावर रुसलाय. आता तो माझा श्वास ओढून घेईल.’’

निर्जीव वस्तूंना मन असते, या बालसमजुतीचा अभ्यास ज्याँ पियाजे यांनी १९२६ च्या आपल्या ग्रंथात मांडला. त्यांच्या मते, प्रथम मुलाला कार्य करणारी प्रत्येक वस्तू सचेतन वाटते; मग केवळ हलणारी; पुढे वारा वा सूर्य यांसारखी आपोआप हलणारी; आणि अकरा-बाराव्या वर्षांच्या सुमारास केवळ खरे सजीव. पुढील संशोधनाने हे वेळापत्रक सैल केले. प्राणी आणि निर्जीव वस्तू यांतील भेद तीन-चार वर्षांची मुलेही बऱ्याच अंशी जाणतात. परंतु जाणणे वेगळे आणि भय वाटणे वेगळे.

१९३२ मध्ये पियाजे यांनी मुलांना एक गोष्ट सांगून प्रश्न विचारल्याचे नमूद आहे. चोरी करून पळणाऱ्या मुलाच्या पायाखालचा पूल मोडतो. चोरी केली नसती, तर तो मोडला असता का? लहान मुलांपैकी बहुतेकांचे उत्तर होते, ‘नाही’. माझ्या रुग्णाचा स्पेसर म्हणजे असाच शिक्षा करणारा पूल होता.

ही भाषा मुले आपल्याकडूनही उचलतात. बाळ पडले की आपण जमिनीला चापटी मारतो, पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करावयास लावतो, आणि खंडेनवमीला दवाखान्यातील उपकरणांची पूजा करतो. त्यामागील कृतज्ञता आपल्याला उमगते. मुलाला मात्र वस्तूचा राग-लोभच दिसू शकतो.

त्या पहाटे मी स्पेसर त्याच्या हाती दिला. त्याने त्याची क्षमा मागितली. मग झडपेची टिकटिक ऐकवून मी त्याला निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, ‘‘तुझा आजार ही शिक्षा नाही.’’ त्याने मुखवटा स्वतःच तोंडाला लावला.

यातून मी तीन गोष्टी शिकलो. औषध नाकारणाऱ्या मुलाला दटावण्यापूर्वी, ‘‘हे तुला काय म्हणतं?’’ असे विचारावे. स्टेथोस्कोप आधी बाहुलीला लावून मग मुलाला लावावा. आणि ‘‘डॉक्टर सुई टोचतील’’ ही धमकी पालकांना कटाक्षाने टाळण्यास सांगावे. कारण तिने सुईच वैरीण होते. दटावण्यास मला अर्धे मिनिट लागले होते. विचारण्यासही तेवढेच लागले असते.