सभेत कसे बोलावे

वाचता आले, सही करता आली. आता पुढची पायरी आहे. चारचौघांत उभे राहून आपले म्हणणे मांडायचे. पारावर, बाजारात, बांधावर आपण भडाभडा बोलतो. पण ग्रामसभेत आपली पाळी आली की घशाला कोरड पडते. मान खाली जाते. शब्द ओठांतच राहतात. मागच्यांना काही ऐकू जात नाही. मग कोणीतरी म्हणतो, "बरं, बसा आता." आपण बसतो, आणि पाण्याच्या टाकीचा प्रश्नही आपल्याबरोबर खाली बसतो.

असे होऊ नये म्हणून आधी मुंबईची एक खरी हकीकत ऐका.

परळ-लालबाग भागात पूर्वी कापडाच्या पुष्कळ गिरण्या होत्या. कोकणातून आणि घाटावरून गेलेली आपलीच माणसे तिथे राबत. उजाडले की काम सुरू व्हायचे आणि अंधार पडला की थांबायचे. आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा भरवली. मागण्या मोजक्याच होत्या. रविवारी सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विसावा द्या. पगार वेळेवर द्या. कामावर जखम झाली तर बरे होईपर्यंत पगार चालू ठेवा. एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच! अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांची नावे पडली.

तरी सुट्टी मिळाली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला पुन्हा सभा झाली. सुमारे १०,००० कामगार जमले. तेव्हा लाउडस्पीकर नव्हता. त्या एवढ्या समुदायापुढे गिरणीत काम करणाऱ्या दोन बायाही उभ्या राहून बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

गिरणीतल्या बाया बोलल्या, मग आपण का बोलू नये? त्यासाठी चार गोष्टी शिकाव्या लागतात. दम, थांबणे, नजर आणि हात.

पहिली गोष्ट दम. मोठा आवाज म्हणजे ओरडणे नव्हे. घशातून ओरडले की आवाज फाटतो आणि शब्द कळत नाहीत. पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक मारताना आपण काय करतो? छाती भरून श्वास घेतो, तोंड पुरते उघडतो आणि शब्द लांबवतो. सभेतही तसेच करायचे. बोलण्याआधी पोट फुगेपर्यंत श्वास घ्या. एका श्वासात एकच लहान वाक्य बोला.

आणखी एक ध्यानात ठेवा. मराठीत कामाचा शब्द बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. "आमच्या आळीत पाणी येत नाही" या वाक्यातले "नाही" तोंडातच राहिले, तर ऐकणाऱ्याला वाटेल की पाणी येते! दम संपला की शेवटचा शब्द गिळला जातो. म्हणून शेवटचा शब्द पहिल्याइतकाच ठणठणीत म्हणा.

दुसरी गोष्ट थांबणे. संयुक्त महाराष्ट्रासाठी १९५५ नंतर मोठे आंदोलन झाले. तेव्हा दादरच्या शिवाजी पार्कवर प्रचंड सभा होत. शाहीर अमरशेख पहाडी आवाजात गात. आचार्य अत्रे भाषण करत आणि लोकांना पोट धरून हसवत. हे अत्रे आधी पुण्याला शाळेचे मुख्याध्यापक होते. हशा पिकला की बोलणाऱ्याला थांबावेच लागते, नाहीतर पुढचे वाक्य हशात बुडते. तसेच मोठी गोष्ट सांगितली की थांबावे. "दोन महिने झाले." इथे थांबा. मनात एक-दोन मोजा. मग म्हणा, "नळाला थेंब नाही." तेवढ्या वेळात पहिले वाक्य लोकांच्या मनात उतरते.

तिसरी गोष्ट नजर. जमिनीकडे पाहून बोललात तर आवाज जमिनीकडेच जातो. अगदी मागे बसलेल्या एका माणसाकडे पाहा आणि त्याला ऐकू जाईल असे बोला. मग डावीकडे पाहा, उजवीकडे पाहा. ओळखीचा चेहरा दिसला की धीर येतो.

चौथी गोष्ट हात. गिरणीच्या साचेखात्यात मागांचा एवढा खडखडाट चाले की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसे. कामगार हातांच्या खुणांनी आणि ओठांच्या हालचालींनी बोलत. यावरून कळते की हातही बोलतो. तोंड आणि हात यांनी एकच गोष्ट सांगावी. तीन मागण्या असतील तर तीन बोटे दाखवून मोजा. पदराचे टोक पिळू नका, टोपीशी चाळा करू नका. दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवा. सरपंचांवर बोट रोखू नका. बोट रोखले की लोक भांडण पाहतात आणि मागणी विसरतात.

आज पुष्कळ ठिकाणी माइक असतो. तो तोंडापासून चार-सहा बोटे दूर धरा आणि साध्या आवाजात बोला.

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या बहुतेक गिरण्या एकेक करून बंद पडल्या. तिथे आता उंच इमारती आहेत. पण मागून मिळवलेली आठवड्याची सुट्टी पुढे कायद्यातही आली.

बोलून झाले म्हणजे काम संपले असे समजू नका. सभेचे कामकाज वहीत लिहितात. आपली मागणी तिथे लिहिली का, ती नीट लिहिली का, हे स्वतः वाचून पाहा. चूक असेल तर तिथेच सांगा. मग सही करा. आम्ही अक्षरे शिकवली ती यासाठीच.

अभ्यास

१. आपल्या गावाची एक अडचण तीन लहान वाक्यांत लिहा.
२. ती वाक्ये वर्गाच्या एका टोकाला उभे राहून म्हणा. दुसऱ्या टोकाच्या माणसाला शेवटचा शब्द ऐकू आला का, ते विचारा.
३. १८८४ च्या सभेतल्या मागण्या बोटांवर मोजून सांगा.
४. पुढच्या ग्रामसभेत कोण काय बोलणार, ते आजच ठरवा.