भुसा सगळा एक नसतो

माझ्या वर्कशॉपच्या भुशानं कोंबडीची पिल्लं मेली, असं आमच्या मैंदर्गीत अजूनही कुणी बोलत असेल तर त्यानं हे शेवटपर्यंत वाचावं. ज्यांच्याकडे रंधा आणि कटर मशीन चालते त्यांनी तर वाचावंच. भुसा म्हणजे टाकाऊ माल, म्हणून आपण कुणालाही उचलू देतो. पुढे काही बिनसलं की खापर मात्र आपल्या डोक्यावर फुटतं.

माझ्याकडे तीन प्रकारचा माल पडतो. रंध्याची सालपटं, साग-बाभूळ-लिंबाच्या करवतीचा दाणेदार भुसा, आणि प्लाय-एमडीएफ कापताना उडणारी बारीक पूड. पहिले दोन पांढऱ्या पोत्यांत भरतो. पूड पिवळ्या पोत्यात, आणि त्याच्या तोंडाला लाल सुतळी. ही पद्धत माझ्याकडे पहिल्यापासून आहे, या पिल्लांच्या भांडणानंतर सुरू केलेली नाही.

ज्यांची पिल्लं मेली ते गिऱ्हाईक माझ्याकडून घराच्या चौकटी करून घेत होतं. गावरान पिल्लं आणणार होते, खाली अंथरायला भुसा मागितला. मी पैसे घेतले नाहीत. कामगारांसमोर सांगितलं, “अण्णा, पांढरी पोती न्या. लाल सुतळीला हात लावू नका, त्यात प्लायचा डिंक असतो.” “कळतंय की मिस्त्री,” म्हणाले. नंतर मी अक्कलकोटला साइटवर असताना त्यांचा टेम्पो आला. पांढरी पोती कमी पडली म्हणून पिवळीही चढवली. माझा पोरगा नको म्हणत होता, त्याला गप्प केलं.

काही दिवसांनी माणूस दुकानात उभा राहून ओरडायला लागला. “कसलं औषध मारलंस रे लाकडाला? पिल्लं मरायला लागली!” कालपर्यंत मिस्त्री होतो, आता ‘अरे-तुरे’. दुकानात दोन नवी गिऱ्हाइकं बसली होती, ती उठून गेली. चौकटींची बाकी त्यानं तिथल्या तिथं अडवली.

मी जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन त्याच्या शेडवर गेलो. चारी बाजूंनी ताडपत्री ओढलेली. आत गेल्याबरोबर डोळे चुरचुरले. डॉक्टरांनी पाण्याच्या भांड्याजवळचा भुसा मुठीत घेऊन दाबला. मूठ उघडली तर गोळा तसाच, बोटांचे ठसे उमटलेला. पायानं थर उकरला तर खाली करडी बुरशी. दोन पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी फाडून पाहिली, तर ती पुडीनं गच्च भरलेली. आणि दाराच्या खिळ्याला माझी लाल सुतळी लटकत होती. ती पाहिली तेव्हा सगळा उलगडा झाला. डॉक्टरांनी त्याला समोरच सांगितलं, भुशाची गादी ओली, हवा कोंडलेली, बुरशी फुफ्फुसात गेली, पूड पोटात गेली. त्यावर त्याचं उत्तर काय? “असंल, पण भुसा तर तुझाच ना?” हे वाक्य मी विसरणार नाही. बाकी पैसे पुढे मिळाले, तेही कापून. गावात ओरडून बोललेलं मात्र त्यानं एकदाही मागं घेतलं नाही.

आता उपयोगाचं बोलतो.

कोंबड्यांच्या गादीला सालपटं सगळ्यांत चांगली. पिल्लांसाठी कोरडा थर दोन-तीन इंच पुरे. पहिले काही दिवस वर वर्तमानपत्र पसरा, नाहीतर पिल्लं दाणा समजून भुसा टिपतात. गादी आठवड्यातून दोनदा तरी खालीवर करा. मूठ दाबून पाहायची परीक्षा रोज करा. सोडल्यावर भुसा विस्कटला तर ठीक, गोळा राहिला तर तेवढा भाग काढून कोरडा टाका. आणि हवा खेळती ठेवा.

शेतात ताजा भुसा कधीही मिसळू नका. त्यात कर्ब फार आणि नत्र अगदी थोडं असतं. कंपोस्टला कर्ब-नत्राचं प्रमाण पंचवीस-तीसास एक लागतं, भुशात ते शेकड्यांत जातं. तो कुजवायला जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढतात आणि पीक पिवळं पडतं. म्हणून भुसा आधी गोठ्यात अंथरा. गोमूत्र मुरलं, शेण मिसळलं की तोच उकिरड्यात टाका, ओल राखा, अधूनमधून चाळवा. रंग काळपट होऊन मातीचा वास आला की रानात न्या. डाळिंबाच्या आळ्यात वरून पातळ आच्छादन चालतं, पण बुंध्यापासून वीतभर लांब.

भुशाची शेगडी नव्या पोरांना माहीतच नाही. पंधरा किलोचा तेलाचा डबा घ्या, खाली एका बाजूला भोक पाडा. त्या भोकातून एक गोल दांडका आडवा, त्याला टेकवून दुसरा मधोमध उभा. भोवती कोरडा भुसा ठासून भरा आणि दांडके फिरवत हलकेच काढा. खालून काडी लावली की तासन्‌तास जळते, फुंकायला बसावं लागत नाही. आंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबोण सहज होतं. पण ती उघड्यावरच पेटवा, बंद खोलीत तिचा धूर जीव घेऊ शकतो.

सागाच्या भेगेत सागाचाच बारीक भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरा, रंग जुळतो. गॅरेजवाल्यांना सांडलेलं ऑईल टिपायला भुसा लागतो. बर्फाच्या लाद्या भुशात ठेवल्या तर सावकाश विरघळतात.

प्लाय-एमडीएफची पूड यातल्या जनावराच्या, शेताच्या आणि चुलीच्या कामाला अजिबात देऊ नका. तिच्यात फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाची धूळ आणि २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइड माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरले आहेत. म्हणजे नाकाला मास्क साध्या लाकडालाही हवाच. अळशीच्या तेलाचं फडकं भुशाच्या पोत्यात कोंबू नका. ते आपोआप तापून पेट घेतं. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा.

आणि व्यवहाराचं. फुकट दिलं म्हणजे जबाबदारी संपली असं होत नाही, गावात तसं कुणी मानत नाही. पोत्यावर मोठ्या अक्षरात लिहा; आमच्या भागात मराठी आणि कानडी दोन्हीत. पुडीची पोती कुलपात ठेवा. नेणाऱ्याचं नाव, तारीख, कोणती पोती, हे वहीत टिपून सही घ्या. थोडे पैसेही घ्या. पैसे मोजलेला माणूस सांगितलेलं ऐकतो. चौकटींची बाकी आणि भुसा एकाच हिशेबात येऊ देऊ नका. सगळ्यांशी गोड बोला, पण लिहून ठेवा.

मी भुसा द्यायचं बंद केलेलं नाही. पांढरी पोती ज्याला हवी त्यानं यावं, सही करावी, घेऊन जावं. लाल सुतळीचं पोतं मागणाऱ्याला मात्र माझ्याकडून मिळणार नाही, तो कितीही जवळचा असो. तुम्हीही देऊ नका.