भार घेताच इंजिन बंद का पडते?



धान, मँगनीज आणि तांब्याच्या आपल्या बालाघाट जिल्ह्यात जड ओझी उचलणाऱ्या यंत्रांशी आपल्यापैकी काहींचा पुढे संबंध येणारच. म्हणून या अंकात आपण फोर्कलिफ्टचा एक नेहमीचा बिघाड समजून घेऊ. रिकामी असताना ती छान चालते. पण पोत्यांची थप्पी उचलायला लिव्हर ओढला की इंजिन बंद पडते.

फोर्कलिफ्टचा हायड्रॉलिक पंप इंजिनावरच फिरतो. पास्कलच्या नियमाप्रमाणे ओझे जितके जड, तितका तेलाचा दाब अधिक. हिशेब सोपा आहे : दाब (बार) × दर मिनिटाचे तेल (लिटर) ÷ ६०० = किलोवॅट. १५० बार आणि ४० लिटर असतील तर १० किलोवॅट, म्हणजे सुमारे १३ अश्वशक्ती, तीही घर्षणाचा तोटा न धरता. एवढी शक्ती इंजिन देऊ शकले नाही, तर ते थांबते.

म्हणजे दोष दोनच ठिकाणी असू शकतो : इंजिन अशक्त आहे, किंवा पंप जास्त मागतो आहे. हे ठरविण्यासाठी मिस्त्री गेज लावून दाब मोजतो.

१. दाब पुस्तिकेत दिल्याइतकाच असूनही इंजिन थांबले, तर इंजिन तपासावे. काळा धूर म्हणजे बहुधा हवा कमी. एअर फिल्टर पाहावा. धुराविना दम तुटत असेल, तर डिझेल फिल्टर, डिझेलमधील पाणी आणि नळीत शिरलेली हवा पाहावी. आयडल गतीही तपासावी.

२. दाब जास्त असेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह अडकला आहे किंवा कोणी तो अधिक आवळला आहे.

पुष्कळ ठिकाणी "ताकद वाढेल" म्हणून हाच व्हॉल्व्ह आवळतात. त्याने इंजिनावरचा भार वाढतो, नळी फुटू शकते आणि माणसाचा जीव धोक्यात येतो. उचललेल्या फोर्कखाली कधीही उभे राहू नये. गळती बोटाने शोधू नये. दाबाखालील तेलाची बारीक धार कातडीत शिरते. तसे झाल्यास जखम लहान दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा.

पालकांना विनंती, की मुलांना चालू यंत्राजवळ जाऊ देऊ नये. आधी मोजावे, मग पाना उचलावा, हीच खरी कारागिरी.

स्वाध्याय : दाब १२० बार आणि तेल मिनिटाला ३० लिटर असल्यास शक्ती किती? (उत्तर : ६ किलोवॅट)